बुरुजावरून दिसलेलं हिरवं

"उंचावर गेल्याशिवाय माणसाला सत्य दिसत नाही." हे वाक्य चेअरमन भगवानरावांनी डोंगरावरच्या फलकावर रंगवून घेतलं, तेव्हा ते स्वतः कधी वर चढलेले नव्हते. गुडघे.

उद्या त्यांच्या पाणी सोसायटीतर्फे तिथं पर्यटनस्थळाचं उद्घाटन होतं. चौसाळ्याहून मंडप येणार होता आणि झाडून सगळं गाव वर येणार होतं. म्हणून आज भगवानराव भाषणाची जागा बघायला काठी टेकत चढले. जुन्या बुरुजापाशी थांबून दम घेतला. निजामाच्या काळात इथला शिपाई म्हणे दिवसभर खाली बघत बसायचा; ज्याचं रान हिरवं, त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी वसुली. हा इतिहास भगवानरावांना फार आवडायचा. भाषणात घेतलाच होता.

मग त्यांनी खाली बघितलं.

दुष्काळानं सगळं रान करपलेल्या भाकरीसारखं झालेलं. आणि मधोमध एक हिरवागार चौकोन. त्यांचाच ऊस. खालून तो बाभळींच्या आड कुणाला दिसत नव्हता. सोसायटीची बोअर आटली, असं त्यांनीच जाहीर केलं होतं. तशी ती आटली नव्हती, वळली होती. गाव टँकरमागं पळत होतं.

"लई हिरवं हाय की," मागून आवाज आला.

बुरुजाच्या सावलीत शेळ्या राखणारी कडूबाई उभी होती. नजर नेमकी त्या चौकोनावर.

"काय हिरवं?" भगवानरावांनी विचारून बघितलं.

"त्ये काय. कवापासून बघायलेय. जिवाला नुसता घोर लागलाय."

"कुणाला बोललीस का?"

"कुणाला बोलू? रान कुनाचं त्येच ठावं न्हाई. पर तुमी असे पांढरे कावून पडलाव? घ्या, पानी प्या आधी." तिनं बाटली पुढं केली. तळाला दोन घोट होते. "टँकरचं हाय, जरा गढूळ लागंल."

भगवानराव प्याले. मग त्यांच्याच्यानं राहवलं नाही.

"कडूबाई, त्यो ऊस माझा हाय. पानी सोसायटीचं. उद्या हितंच समद्यांपुढं कबूल करतो, बोअर गावाला खुली करतो."

कडूबाईचा चेहरा एकदम उजळला.

"तुमचा व्हय? बरं झालं बाई! चेअरमन, माझी एक शेळी शिरलीया त्यात. तेवढा गड्याला फोन लावा, दगड मारू नको म्हनावं. गाभण हाय."