बोला, पण गाऊ नका

रेव्हरंड लूस्यां मेटॉयर यांचं प्रवचन नेमकं कुठल्या शब्दाला गाणं बनतं, हे आमच्या चर्चमध्ये आजवर कुणालाही सांगता आलेलं नाही. सुरुवातीला ते बोलतच असतात, तुमच्या-माझ्यासारखे. कुणाच्या दुखण्याची चौकशी करतात, घोटभर पाणी पितात. मग शब्द जरा लांबायला लागतात. ऑर्गनवर बसलेली व्हर्जी त्यांच्या वाक्यामागे हळूच एक सूर सोडून देते. आपण आपले हातपंख्यानं वारा घेत असतो आणि मध्येच ध्यानात येतं, अरे, पंखा तालात हलतोय! गाणं केव्हाच सुरू झालेलं असतं.

अशा प्रवचनाला उत्तर द्यावं लागतं. "खरंय!", "सांगा, सांगा!", "घाई नाही, रेव्हरंड!" उत्तर नसेल तर ते जमिनीवरच राहतं. आमच्याकडे पहिलं उत्तर येतं ते बाहेरून. रस्त्यापलीकडच्या माडीवर, लोखंडी जाळीच्या सज्जात मिस ओडील शार्बोने बसलेल्या असतात. गुडघ्यांनी जिना बंद केल्यापासून तो सज्जाच त्यांचा चर्चमधला बाक. त्यांच्यासाठी चर्चच्या खिडक्यांच्या झडपा सताड उघडायच्या, हे माझं काम. मी दारावरची सेविका, पांढऱ्या हातमोज्यांची.

न्यू ऑर्लिन्समध्ये जाळीच्या सज्जांना गिऱ्हाईक कधीच कमी पडत नाही. आमच्या शेजारचं घर विटकॉम्बसाहेबांनी घेतलं, पाहुण्यांसाठी खोल्या केल्या आणि दारावर पाटी लावली, 'छोटं पॅरिस'. विमानात न बसता युरोप, असं ते पाहुण्यांना सांगत. पाहुणे यायचे, आमच्या गल्लीचे फोटो काढायचे. काढू देत की, गल्ली आहेच देखणी. पण त्यांना हा युरोप रविवारी सकाळी गप्प हवा होता.

विटकॉम्बसाहेबांनी तक्रार केली. आम्ही झडपा लावून घेतल्या. झडपांना फटी, आवाज जसाच्या तसा बाहेर. काचा बसवायला आम्ही पूर्वीच निघालो होतो, तेव्हा गल्लीच्या सौंदर्य समितीनंच नाही म्हटलं होतं. काच जुन्या युरोपी रूपाला शोभत नाही म्हणे. आता त्याच समितीचे हॅलोरन घाम पुसत दारात उभे.

"प्रवचनाला कोण अडवतंय, रेव्हरंड? बोला ना. बोला, पण गाऊ नका."

"आणि गायलो तर?"

"तर मग रविवारची उपासना बंद. दाराला कुलूप. माझा नाइलाज आहे."

त्या रविवारी हॅलोरन कागद-पेन घेऊन फुटपाथवर उभे राहिले. शेजारी विटकॉम्ब, कॉफीचा कप घेऊन. आत रेव्हरंड बोलू लागले. बायबलमधल्या दोन कैद्यांची गोष्ट होती. फटके खाल्लेले, पाय खोड्यात अडकवलेले, अंधारी कोठडी. व्हर्जीनं हात मांडीवर ठेवले होते. रेव्हरंड एकेक शब्द मोजून टाकत होते, आणि शब्द धपकन खाली पडत होते.

"आणि त्या कोठडीत ते दोघे..." रेव्हरंड थांबले. पुढचा शब्द होता 'गाऊ लागले'. तो शब्द नुसता बोलायचा कसा? ते पाणी प्यायले. 

बंद झडपांच्या फटींतून आवाज आला, "लूस्यां! बाळा, हवामानाच्या बातम्या देतोयस का?"

बाकांवर खसखस पिकली. हॅलोरन वर बघत ओरडले, "मिस ओडील, जरा शांत!"

"शांत? माझ्या सज्जात? हॅलोरन, तुझ्या आईचं लग्न मी शिवलेल्या गाऊनमध्ये लागलंय, मला शांत करतोस? आणि हो रे पॅरिसवाल्या, ही जाळी माझ्या पणजोबांनी ठोकली. पायात मालकाची बेडी होती तेव्हा. पॅरिस त्यांनी कुठे बघितलं होतं? ठोकताना गात होते, एवढं आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे."

आणि त्या स्वतःच गाऊ लागल्या. रेव्हरंडांना न बोलता आलेलं वाक्य त्यांनी उचललं. ते दोघे गाऊ लागले, कोठडीत गाऊ लागले. आवाज पातळ, पण सूर पक्का. दुसऱ्या ओळीला वर चढल्या आणि श्वास तुटला. खोकला आला. गल्लीत फक्त तो खोकला.

मी रेव्हरंडांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, खूण केली नाही. मीच उठले. देवा, तुझ्या घराला कुलूप लागलं तर माझ्या हातानं लागेल, असं मनात म्हटलं आणि एकामागून एक साऱ्या झडपा उघडल्या. धाडधाड.

रेव्हरंडांनी ती तुटलेली ओळ तिथूनच धरली. व्हर्जी ऑर्गनवर कोसळलीच म्हणा ना.

"आता! आता गातोय तो!" विटकॉम्ब ओरडले.

"गातोय, साहेब!" रेव्हरंड त्याच सुरात म्हणाले. "लिहून घ्या, हॅलोरन. नाव नीट लिहा!"

"नीट लिहा!" आख्ख्या चर्चनं उत्तर दिलं.

त्याच आठवड्यात दाराला कुलूप लागलं.

पुढच्या रविवारी रेव्हरंड मिस ओडीलच्या जिन्यानं वर गेले. घर मिस ओडीलचं, सज्जा त्यांचा, पाहुणा त्यांचा. समितीच्या कागदात फक्त चर्चचं नाव होतं. आम्ही खाली रस्त्यावर घरून आणलेल्या खुर्च्या मांडल्या. व्हर्जीचा भाऊ ट्रॉम्बोन घेऊन आला. वर मिस ओडील निळी हॅट घालून रेव्हरंडांच्या कोपराशी बसल्या होत्या. आज पहिलं उत्तर अगदी कानाशी.

'छोटं पॅरिस'मधली एक पाहुणी झोपेच्या कपड्यांवर शाल ओढून खाली आली. डोळे चमकत होते तिचे. मला हळूच विचारते, "युरोपात असंच असतं का हो?"

"ते मला काय ठाऊक, बाई? इथे असतं," मी म्हटलं आणि माझा पंखा तिच्या हातात दिला. "उत्तर द्या."

विटकॉम्बसाहेबांनी आपल्या झडपा खाडकन लावून घेतल्या. त्यांच्याही झडपांना फटीच आहेत. समितीचा नियम.