गादीची कड

"कुठं दुखतं?"

"कंबर," हसीनाबी म्हणाली. दोन वर्षांत चार डॉक्टरांना तिनं हेच सांगितलं होतं. चौघांनी कमरेचे एक्स-रे काढून पट्टे दिले होते. मागे तिचा नवरा गनी एक्स-रेंची पिशवी धरून धुमसत उभा.

"मॅडम, हाडं बठ्ठी, सारीच चांगली म्हनतात. अन् ही बसली की उठत नाही! फैजपूरहून जळगाव, जळगावहून धुळं. आमच्या गाद्या कोन शिवंल?"

"भाऊ, तुम्ही जरा बाहेर बसा," डॉक्टर विधी म्हणाली.

दार लागलं.

"मावशी, बोलू नका. दुखतं तिथं फक्त हात ठेवा."

हसीनाबीचा हात ओढणीशी घुटमळला. मग तिनं अंगठा पुढं जांघेत रोवला, चार बोटं मागं खुब्यावर. कमरेला बोटही लागलं नाही.

विधीनं तिला निजवून गुडघा पोटाशी आणला, हळूच आत वळवला. हसीनाबी किंचाळली.

"हेच?"

"हेच मेलं दुखणं!"

आठवड्यानं एमआरआय पाहून विधीनं दोघांना समोर बसवलं. "खुब्याच्या वाटीला काठानं रबरासारखी कड असते. ती फाटलीय. आतली कूर्चाही झिजू लागलीय."

गनी उसळला. "मंग कमरेचे चार पट्टे कशापायी?"

"चार डॉक्टर, चारी पुरुष. त्यांच्यापुढं जांघ म्हनू?"

"मले तरी सांगायचं!"

"सांगितलं होतं. तुमीच म्हनले, कंबरच असंल."

गनीनं पिशवी मांडीवर उलटीसुलटी केली.

हसीनाबीला मात्र कडेचं दुखणं लगेच कळलं. गादीची कड उसवली की आतला कापूस सरकतो. तीस वर्षं तिनं तेच शिवलं होतं. "टाके घालाल?"

"आधी तीन महिने व्यायाम. नाही भागलं तर दुर्बिणीतून टाके. पण मांडी घालणं, उकिडवं बसणं बंद."

"मंग गादी कशी शिवू?"

विधीनं गनीकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी गनी सकाळभर ओरडत होता. विटांवर, विटांच्या उंचीवर, पायात घुसलेल्या खिळ्यावर. दुपारी दुकानात खाट कमरेइतकी उंच झाली होती. तिच्यावर अर्धी शिवलेली गादी.

हसीनाबी उभी राहून लांब सुई ओवू लागली. पहिला टाका वाकडा गेला. तिनं तो उसवला.

खाली फरशीवर तिच्या बैठकीचं पोतं पडलं होतं, मध्ये खोलगट झालेलं. ते उचलायला गनी वाकला, त्या खोलगटावर हात फिरवला आणि पोतं तिथंच ठेवून सरळ झाला.