तुलनेसाठी दुसरी बाई

विल्मा आत गेली आणि बाहेर आली.

मग पिरोश्का आत गेली.

घडलं ते इतकंच. बाकीचं सगळं याच्या आधीचं, नाहीतर नंतरचं.

आधीचं.

हंगेरीतल्या मिश्कोल्त्स शहरातला बिस्किटांचा कारखाना बंद पडला, तेव्हा क्रीम भरायच्या टेबलावरच्या सगळ्या बाया घरी बसल्या. पण पुढे रोमा बाया, लोक जिप्सी म्हणून हिणवतात त्या सावळ्या बाया, जास्तच दिवस घरी राहिल्या. विल्मा रेझम्युवेशला फोनवर सगळे "या हो, या" म्हणायचे, आणि दारात उभी राहिली की जागा नुकतीच भरलेली असायची. असं दोन बेकऱ्यांत झालं. तिसऱ्यांदा तसं होण्याआधी ती सरकारच्या समानतेच्या कार्यालयात जाऊन बसली.

तिथले बोग्नारसाहेब तरुण होते आणि उत्साही होते.

"विल्माबाई, सिद्ध तुम्ही करायचंच नाही. तुम्ही फक्त संशयाला जागा आहे एवढं दाखवा. आपण भेदभाव केला नाही हे मग मालकानं सिद्ध करायचं."

"म्हणजे उलटं?"

"उलटं. मुद्दाम उलटं केलंय."

विल्माला हे इतकं आवडलं, की घरी जाऊन तिनं सगळ्यांना दोन-दोनदा सांगितलं. आई म्हणाली, "सरकार आणि आपल्या बाजूनं? नीट ऐकलंस का गं?"

साहेबांना तुलनेसाठी दुसरी बाई हवी होती, विल्माच्या पाठोपाठ तीच नोकरी मागायला जाणारी. अनुभव विल्माइतका, वय विल्माइतकं. "फक्त..." म्हणून साहेब अडले.

"फक्त गोरी," विल्मा म्हणाली.

"फक्त रोमा नसलेली," साहेब म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले.

अशी बाई शोधायला विल्माला कुठे जायचंच नव्हतं. पिरोश्का कारखान्यात तिच्या शेजारी बसायची. विल्माच्या पोरीच्या नामकरणाला चर्चमध्ये धर्ममाता म्हणून पोर हातात घेऊन तीच उभी होती.

"नाटक करायचंय होय?" पिरोश्का हसली. "आणि मला ठेवूनच घेतलं तर?"

"तर म्हणायचं, विचार करून सांगते. आणि बाहेर यायचं. मग साहेबांसमोर जे झालं ते सांगायचं."

"तेवढं जमेल गं. नवऱ्याला मी रोज तेच सांगते, विचार करते म्हणून."

आत.

होल्लोबाईंच्या केकच्या दुकानाच्या काचेवर पाटी होती, काउंटरवर बाई हवी. विल्मानं सकाळी फोन केला होता. या, म्हणाले होते. होल्लोबाईंनी तिला पाहिलं, तिच्या मागे आणखी कोणी आहे का तेही पाहिलं, आणि म्हणाल्या, "अरेरे, जागा भरली हो."

"पाटी आहे अजून."

"काढायची राहिली."

विल्मा बाहेर आली. ट्रामच्या थांब्यावर उभी असलेल्या पिरोश्काला तिनं मान हलवून खूण केली. पिरोश्का रस्ता ओलांडून

आत गेली.

एक ट्राम गेली. दुसरी गेली. विल्मा मनातल्या मनात खूश होत होती, जितका वेळ लागतोय तितकं प्रकरण पक्कं होतंय म्हणून.

मग पिरोश्का दिसली. अंगात पांढरा अ‍ॅप्रन. ती काचेपाशी आली, नखानं खरवडून पाटी काढली आणि मागे वळली. रस्त्यापलीकडे तिनं पाहिलं नाही.

नंतरचं.

"अगं, तोंडातून निघून गेलं. 'आत्तापासूनच लागता का?' म्हणाल्या, मी 'हो' म्हणाले."

"'विचार करते' म्हणायचं होतं, पिरो."

"विल्मे, मीही घरीच बसलेय ना इतके दिवस? तुला ती नोकरी मिळणार नव्हतीच. मी नाही म्हटल्यानं कुणाचं भलं झालं असतं?"

विल्माला ते खोटं वाटलं नाही. हे तिला जास्त लागलं.

"साक्ष तरी देशील?"

"देईन गं. पोरीची शपथ."

"कुठल्या पोरीची?"

"तुझ्या. मी हातात घेतलेल्या."

साक्षीच्या दिवशी होल्लोबाई केकचा खोका घेऊन साहेबांच्या कार्यालयात आल्या. साहेबांनी तो परत त्यांच्याकडे सरकवला. पिरोश्का होल्लोबाईंच्या शेजारी बसली होती, केस नव्यानं कापलेले.

"पिरोश्काचं आदल्या दिवशीच ठरलं होतं," होल्लोबाई म्हणाल्या. "फोन उचलणाऱ्या मुलीला ठाऊक नव्हतं."

"खरं आहे?" साहेबांनी विचारलं.

"हो. आदल्या दुपारी मी दुकानात जाऊन आले होते," पिरोश्का टेबलाला म्हणाली.

विल्मा उठून उभी राहिली. "आदल्या दिवशी ही माझ्या आईच्या अंगणात होती! आलुबुखाऱ्याचा मुरंबा ढवळत. सकाळपासून अंधार पडेपर्यंत. हात थांबला की तळाला लागतो तो, साहेब, सोडून जाता येत नाही. आमच्यात त्यात साखर घालत नाहीत, ती घालायची म्हणून आईशी भांडली ही!"

"विल्माबाई, बसा."

"तुम्ही म्हणाला होता, सिद्ध त्यांनी करायचं."

"हो." साहेब पुन्हा लाल झाले होते. "आणि त्यांनी साक्षीदार आणलाय. साक्षीदार तुमचाच आहे, यादीत तुम्हीच दिलेला. आता ते खोडून काढायला मला काहीतरी द्या. अंगणात कोण कोण होतं?"

"आई. दोघी बहिणी. मेहुणा. मामा येऊन-जाऊन होता."

साहेबांनी पहिलं नाव लिहिलं, दुसरं लिहिलं, मग पेन थांबलं. "घरचे सोडून कोणी? घरच्यांचं वरच्या कोर्टात टिकत नाही."

घरचे सोडून. विल्मा खरंच आठवू लागली. कढईभोवतीचं एकेक तोंड तिनं डोळ्यांसमोर आणलं.

"बाहेरचं असं एकच माणूस होतं," ती म्हणाली. "आम्ही तिला बाहेरचं मानत नव्हतो."

साहेबांनी पिरोश्काकडे पाहिलं. होल्लोबाईंनीही पाहिलं.

"मी नव्हते तिथे," पिरोश्का म्हणाली.