कानामागची जागा

"आई, हात खाली घे. चोळू नकोस गं, तुझ्या पाया पडते!"

आईने हात मांडीवर ठेवला, पण घटकाभरात तो पुन्हा वर निघाला. तिच्या लेकीने, पापणीवालीने, तो मधेच धरला आणि आपल्या दोन्ही हातांत दाबून ठेवला. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या त्या बाकावर दोघी सकाळी आठपासून बसून होत्या. आईचा उजवा डोळा इतका सुजला होता की नुसती फट उरली होती. डावा काचबिंदूने तेरा वर्षांपूर्वीच नेलेला. उरलेल्या एकाची ही दशा कोणी केली, तर पोटच्या पोरीने.

पापणीवाली हे तिला गिऱ्हाइकांनी ठेवलेलं नाव. बाजारातल्या माडीवर तिचं पार्लर. बायकांना आडवं झोपवायचं, डोळे मिटवायचे आणि चिमट्याने एकेका पापणीला एकेक नकली पापणी चिकटवायची, हे काम ती अकरा वर्षं करत होती. हात असा हलका की गिऱ्हाईक चक्क घोरायला लागायचं. आणि नियम म्हणाल तर कडक! नवी बाई आली की आधी कानामागे पापण्या चिकटवायच्या ग्लूचा एक ठिपका, मग चोवीस तासांनी परत या. खाज नाही, लाली नाही, तरच पुढचं बोलणं. बायका भांडायच्या, फणकाऱ्याने जिना उतरून जायच्या, पण ही बाई ढिम्म हलायची नाही.

आईला मात्र या धंद्याचं भारी वावडं. "देवाने दिलेल्या पापण्या काय कमी पडल्या?" हे तिचं ठरलेलं वाक्य. लेक कामाचं काही सांगायला लागली की ही भांडी आपटायला लागायची.

तीच आई शुक्रवारी संध्याकाळी धापा टाकत माडी चढून आली आणि दारात घुटमळली. तीस वर्षं तिने एका शाळेत घंटा वाजवली होती, फरशा पुसल्या होत्या.

"रविवारी शाळेत माझा सत्कार आहे," ती म्हणाली. "स्टेजवर बोलावणारेत. मला पण लाव की जरा. हसू नकोस मेले!"

त्या स्टेजवर ती आजवर फक्त झाडू घेऊन चढली होती. पापणीवालीला आभाळ ठेंगणं झालं. ठिपक्यासाठी तिने बाटली उचललीसुद्धा. मग वाटलं, उद्या ये म्हटलं तर ही कसली येतेय! रात्रीतून मन फिरेल, आणि परत कधी म्हणून ही पायरी चढणार नाही. आणि घरचीच तर आहे, हिला काय होतंय? तिने आईला झोपवलं. दोन तासांनी आईने आरशात पाहिलं आणि चक्क लाजली.

"खाज कधी सुटली?" आता बाकावर पापणीवालीने विचारलं.

"शनिवारी सकाळी."

"शनिवारी? अगं, आज मंगळवार! बोलली का नाहीस?"

"तू लगेच काढून टाकल्या असत्यास." आई म्हणाली. "सत्काराला काळा चष्मा लावून गेले होते. बाया म्हणाल्या, काढा, काढा. मग काढला. सगळ्यांना सांगितलं, माझ्या लेकीने लावल्यात म्हणून."

पापणीवालीला हंबरडा फोडावासा वाटला. तेवढ्यात आतून हाक आली.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात थेंब टाकले, सुजलेली पापणी हळूच वर उचलली आणि यंत्रातून बराच वेळ पाहिलं.

"झोपेत चोळलाय. नखाचा ओरखडा गेला, त्यात जंतू शिरलेत. बुबुळावर पांढरा डाग आहे, बरोबर मध्यभागी. औषधं आत्ताच सुरू करू."

"पण डाग जाईल ना, डॉक्टर? काहीही करा हो. एवढा एकच डोळा आहे तिला."

"पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. उजेड कळेल. माणसं ओळखू येतील का, ते आत्ता नाही सांगता येत." त्यांनी कागद पुढे ओढला. "पापण्या लावायच्या आधी टेस्ट केली होती?"

अकरा वर्षांत टेस्ट केल्याशिवाय पापणीवालीने एकाही बाईला हात लावला नव्हता.

"केली होती की!" आईच बोलली. "कानामागे ठिपका लावला, चोवीस तास थांबवलं मला. खाज आली होती, पण मीच नाही सांगितलं हिला. हिची काही चूक नाही."

भांडी आपटता आपटता आईने सगळं ऐकलं होतं. ठिपका, चोवीस तास, खाज. एक शब्द सांडला नव्हता.

"खोटं वाटतं? ही बघा जागा." आईने मान वळवली आणि दोन बोटांनी कान पुढे दुमडला. डॉक्टरीणबाई आता तिच्या उजव्या हाताला, टेबलाशी बसल्या होत्या. आई डावीकडच्या भिंतीला कान दाखवत होती.

"नाही केली, डॉक्टर," पापणीवाली म्हणाली. "सगळ्यांची करते. आई होती म्हणून नाही केली."

डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या.

"हिचं ऐकू नका हो," आई म्हणाली. तिने कान तसाच दुमडून धरला होता, भिंतीकडे. "नीट बघा. इथंच लावला होता."