ढगोबाने पुसलेला खांब

स्टुडिओत त्याला सगळे ढगोबा म्हणत. कुणाच्याही शेताचा फोटो त्याच्या हाती द्या, त्यावर ढग दाटून आलेच म्हणून समजा! हिरवा रंग विझवायचा, आभाळ काळवंडायचं, कोपऱ्यांत अंधार सारवायचा. विजेचा खांब, पत्र्याची शेड, पाण्याची टाकी असली 'अडगळ' पुसून टाकायची, की उदास शेत तयार. अशी शेतं हॉटेलांच्या भिंतींवर हातोहात खपत.

"ढगोबा, अजून थोडं रडवा की शेताला," मालक मागून म्हणायचे.

"आता मीच तेवढा रडायचा राहिलोय," असं म्हणत ढगोबा शेताला रडवायचा.

संध्याकाळपर्यंत डोळ्यांत वाळू आणि मानेचं लाकूड. त्या दिवशी तो नुकताच घरी येऊन पडला होता, तेवढ्यात गावाहून थोरल्या बहिणीचा, ताईचा फोन आला.

ताईची कंबर आता वाकायला तयार नव्हती. शेत कसायला कुणी मिळालं तर ठीक. नाहीतर जमीन पडीक टाकून तिला ढगोबाच्या एका खोलीत राहायला यावं लागणार होतं. त्या खोलीत मांजरसुद्धा शेपूट बाहेर ठेवून बसेल, असं ताईचं मत! म्हणून तर ढगोबाने तिच्या शेताचे फोटो काढून लोकांना पाठवले होते.

"अरे, फोटो पाठवलेस की शाप दिलास?" ताई कडाडली. "एक बाई विचारते, इथे आग लागली होती का? दुसरा म्हणतो, वीज नाही, पाणी नाही, डोंबल पिकवायचं?"

"ताई, साधेच तर फोटो होते."

"हे साधे? माझा मका बघ, घरातलं कुणीतरी गेल्यासारखा उभाय!"

ढगोबाने फोटो उघडले. त्याला ते अगदी ठीक वाटले. मग त्याने मूळ फोटो उघडले आणि तो हिरवा रंग डोळ्यांना चावलाच. स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या बादलीसारखा! यातला खरा कुठला? त्याला सांगताच येईना. ढग लावून लावून त्याच्या डोळ्यांतच ढग साचले होते. आणि विजेचा खांब? तो तर हाताने आपसूकच पुसला होता, डोक्याला न विचारता.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली आणि पहिली बस पकडली. ताईच्या शेताच्या बांधावर उभं राहून त्याने फोन मक्यासमोर धरला. समोरचा मका फोनमधल्यापेक्षाही हिरवा होता, अगदी निर्लज्ज हिरवा.

"हा असा असतो?"

"नाहीतर कसा?" ताई म्हणाली. "लहानपणी तूच पाणी द्यायचास ना याला?"

त्याने फोटो काढला. लगेच अंगठा सवयीने आभाळ काळवंडायला निघाला.

"आण इकडे तो फोन!" ताईने फोन हिसकावला आणि स्वतःच एक फोटो काढून विचारणाऱ्यांना पाठवूनही दिला. कोपऱ्यात तिचं बोट, मागे टाकी, कुंपणावर वाळत घातलेलं निळं फडकं.

"अगं, खांब बरोब्बर मधोमध आलाय!" ढगोबा कळवळला.

"मग? मधोमधच आहे तो."

भांडायचं त्राण त्याच्यात नव्हतं. तो तिथेच मातीत बसला. ताई फोन हातात धरून येरझाऱ्या घालत राहिली, कंबर दुखत असूनही. बऱ्याच वेळाने फोन वाजला. तिने चष्मा शोधला, नेमका तो डोक्यावरच होता, आणि मोठ्याने वाचलं, "खांब दिसतोय. म्हणजे पंप चालतो ना? उद्या बघायला येऊ का?"

फोन त्याच्या मांडीवर टाकून तिने डोळ्यांना पदर लावला.

"लिही, या म्हणावं. लवकर या."

ढगोबाने लिहिलं. मग सरकत सरकत जाऊन त्याच खांबाला पाठ टेकली आणि डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनाही तो मका हिरवागार दिसत होता, आणि त्याचा रंग विझवायची ताकद आता त्याच्या अंगात उरली नव्हती.