चिकाचे डाग

चांगुणाच्या जिभेला हाड नाही, असं गाव म्हणायचं. हाड होतं की! फक्त ते पाठीच्या कण्यात होतं आणि बड्या लोकांना तेच खुपायचं. नवरा गेल्यावर दोन लेकरं आणि म्हातारी सासू तिनं दत्तराव मालकांच्या केळीच्या बागेत राबून जगवली होती. उपकार कुणाचा घेतला नव्हता.

डोंगरकडा गावच्या शिवारात दत्तरावांची बाग सगळ्यांत मोठी. हंगाम आला की बौद्धवाड्यातले आणि तांड्यावरचे मजूर तिथं कामाला. गडी कोयत्यानं घड उतरवायचे, बाया ते खांद्यावर घेऊन सडकेवरच्या ट्रकपर्यंत न्यायच्या. घडाच्या देठातून गळणारा चीक खांद्यावरून पाठीवर उतरायचा आणि लुगड्यावर काळे डाग पाडायचा. ते डाग साबणानं जात नाहीत, राखेनं जात नाहीत. लुगडं फाटतं, डाग राहतो.

बहात्तरचा दुष्काळ मागे पडून दोन-तीन उन्हाळे झाले होते. त्या साली रोहिण्यांत वावटळ आली आणि घडांनी लगडलेली बाग एका दुपारीत आडवी झाली. मालकाचं पीक गेलं, मजुरांचा हंगाम गेला. मालकाला सरकारची भरपाई मंजूर झाली. मग दवंडी आली की ज्या मजुरांचं बागेतलं काम बुडालं, त्यांनाही सरकार मदत देणार. अट एकच. कळमनुरीहून तहसीलचा साहेब येईल, त्याच्यापुढे मालकानं सांगायचं की ही माझ्या बागेतली माणसं.

दत्तरावांनी लगेच मिशीला पीळ दिला.

"सांगतो की," ते मजुरांना म्हणाले. "पण पडलेली बाग पावसाच्या आधी साफ करून द्या. फुकट. पैसा तर तुमाला सरकार देऊनच राहिलंय."

अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसे दोघं-तिघं माना डोलवायला लागले. चांगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मदत सरकारची, घाम आमचा, अन् बाग साफ व्हणार तुमची? न्हाई जमणार मालक! खरं बोलायची बी मजुरी लागती का तुमाला?"

तांड्यावरची जिवनबाई तिच्या बाजूनं उभी राहिली. मग बाकीच्या बायाही राहिल्या. पण घरी येऊन चांगुणानं कणगीत हात घातला. घरातली ज्वारी तळाला गेली होती. मदत बुडाली तर लेकरं काखोटीला मारून दूर कुठं खडी फोडायला जावं लागणार होतं, आणि तिच्या एका बोलण्यापायी सगळ्यांनाच. भीती वाटली तिला. पण बोललेला शब्द तिनं गिळला नाही.

साहेब यायच्या दिवशी तिनंच सगळ्यांना बजावलं, "घाण नेसून जायचं न्हाई. आमी भीक मागायला न्हाई चाललो." स्वतः जयंतीचं पांढरं पातळ नेसली. जिवनबाईनं आरशांची लाल ओढणी काढली. बाया नटूनथटून चावडीपुढे बसल्या.

साहेब खुर्चीवर बसला होता. दत्तराव शेजारी, पांढऱ्याशुभ्र धोतरात.

"साहेब, ह्या बाया गावातल्या हाईत," दत्तराव म्हणाले, "पण माझ्या बागेत कुणीच न्हाई. माझी बाग घरचीच माणसं करतात."

इतकं धडधडीत खोटं ऐकून बायांचे चेहरे पडले. साहेबानं सगळ्यांवर नजर फिरवली.

"तुम्ही तर लग्नाला निघाल्यासारख्या दिसता," तो म्हणाला. "मजूर कशावरून समजू?"

आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेतला होता चांगुणानं! पण रडत बसणं तिच्या रक्तात नव्हतं.

"साहेब, चहा पिऊन घ्या. आमी आलोच," असं म्हणून ती उठली आणि बायांना घेऊन पळाली.

साहेबाचा चहा संपेपर्यंत बाया परतल्या. प्रत्येकीच्या काखेत कामावरचं लुगडं. चावडीच्या दोन खांबांना बैलाचं दावं बांधून चांगुणानं स्वतःचं लुगडं त्यावर टाकलं. जिवनबाईनं कामावरची ओढणी टाकली. मग सगळ्यांनी टाकली. एकूण एक कापडावर, खांद्याच्या जागी, काळा डाग.

साहेब उठला. जवळ जाऊन त्यानं एक पदर हातात घेतला.

"चीक तर कुणाच्याबी परसातल्या केळीचा लागतो," दत्तराव हसले.

"तेही खरंच," साहेब म्हणाला आणि पदर सोडला.

बाया चांगुणाकडे बघायला लागल्या. चांगुणा दत्तरावांकडे बघत होती.

"बराबर हाय मालकांचं," ती म्हणाली. "त्यांची बाग घरचीच माणसं करतात. मंग केशरबाई मालकिणीचं एक लुगडं आणा. दोन्ही सुनांची आणा. त्यावर बी असाच डाग असंल. दोरीवर जागा हाय अजून."

मालकिणीचं नाव भर चावडीत, तेही घड वाहण्याच्या गोष्टीत! दत्तरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते ताडकन उभे राहिले.

"तोंड सांभाळ, चांगुणे! आमच्या घरच्या बायांनी कधी बागेत पाऊल न्हाई टाकलं. खांद्यावर घड वाहायला काय मजूर हाईत त्या?"

"मग घड वाहिले कोणी?" साहेबानं विचारलं.

दत्तरावांनी घरची अब्रू सांभाळावी तर खोटं उघडं पडत होतं, खोटं सांभाळावं तर अब्रू जात होती. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"बोला की मालक," जिवनबाई म्हणाली. "मोठ्यानं बोला. साहेबाला ऐकू जाऊ द्या."

"ह्यांनीच," दत्तराव पुटपुटले.

"नावं सांगा," साहेब म्हणाला.

आणि गंमत बघा, ज्या माणसाच्या बागेत कुणीच कामाला नव्हतं, त्याला सगळी नावं तोंडपाठ होती! चांगुणा, जिवनबाई, लखमा, पद्माबाई, कोयतेवाला सोनाजी. एकही चुकलं नाही. साहेब खाली मान घालून लिहीत होता.

चावडी मोडल्यावर दत्तरावांनी चांगुणाला वाटेत गाठलं.

"आता माझी बाग कोण साफ करंल?"

"आमीच करू," चांगुणा म्हणाली. "मजुरी आधी बोला."

मृगात एके दिवशी मदत घ्यायला कळमनुरीला जायचा निरोप आला. जिवनबाई बोलवायला आली तर चांगुणा तेच डागाचं लुगडं नेसून दारात उभी.

"काहून? पांढरं न्हाई नेसलीस?"

"ते जयंतीला नेसायचं," चांगुणा म्हणाली. "हे हक्काचं हाय."

जिवनबाईनं आपल्या आरशांच्या ओढणीकडे एकदा पाहिलं. मग ती तशीच मागे वळली, कामावरची ओढणी घेऊन यायला.