मामींच्या खताची चाचणी

मामी शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या आणि तेव्हापासून त्यांचा सगळा जीव घरामागच्या खताच्या दोन ढिगांत अडकला. गल्लीत लहानथोर त्यांना मामीच म्हणत, आणि त्यांच्या खतासाठी लोक महिनाभर आधी नाव सांगून ठेवत. थंडी ओसरली की मामी खत चाळायच्या, गोण्यांत भरायच्या आणि ज्याच्या त्याच्या दारात पोचवायच्या. त्या वर्षी अकरा घरांत खत गेलं.

महिन्याभराने एका सकाळी टोमॅटोला पाणी घालताना त्यांचा हात थबकला. शेंड्याची पानं वाटीसारखी वर वळली होती. नवी पालवी तर कुणी पिळून ठेवावी तशी बारीक, दोऱ्यासारखी.

‘पांढरी माशी असणार,’ असं म्हणत मामींनी चष्मा चढवला आणि एकेक पान उलटं करून पाहिलं. माशी नाही, मावा नाही, कोळी नाही. काळ्या ठिपक्यांचा एक लाल भुंगेरा मावा शोधत देठावरून वरखाली करत होता, तोही बिचारा उपाशीच. घेवड्याची गत तीच. शेजारच्या वाफ्यातला, तेच खत घातलेला मका मात्र ताठ उभा. मामींच्या मनात पाल चुकचुकली.

“अहो, जरा बाहेर या.”

मामा शब्दकोडं हातात घेऊनच आले. “ऊन लागलं असेल गं.”

“मग मक्याला नाही लागलं ते?”

मामांनी ढिगात हात घालून मूठभर खत काढलं. त्यात तीनचार गांडुळं वळवळत होती, चांगली गुबगुबीत. “हे बघ, ही मंडळी मजेत आहेत. खतात काही खोट नाही.”

मामींनाही तसंच मानायचं होतं. पण यंदाचं खत ज्या दुसऱ्या ढिगातलं होतं, तो कशाकशाचा रचला होता, ते त्या मनातल्या मनात आठवू लागल्या आणि गवतापाशी येऊन थांबल्या. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी धाकट्या दिरांनी कापलेल्या गवताची दहाबारा पोती आणून टाकली होती. ते एका खेळाच्या मैदानाची देखभाल करायचे. मामींनी त्यांना फोन लावला.

“भाऊजी, तुमच्या मैदानात तण फार होतं का हो?”

“तण? शोधून दाखवा वहिनी, एक काडी सापडली तर नाव बदलीन!” दीर खुशीत आले. “नवीन औषध आलंय. रुंद पानाचं काय असेल ते जळतं, गवताला धक्का लागत नाही.”

“आणि तेच गवत मला दिलंत?”

“हो, ताजं ताजं... वहिनी? आहात ना?”

मामींची नजर वाफ्यांवर खिळली होती. ते औषध गवताबरोबर खतात उतरलं असणार. टोमॅटो रुंद पानाचा, घेवडाही रुंद पानाचा. आणि मका म्हणजे गवताचाच भाऊबंद.

दुपारी त्यांनी आठ कप मांडले. चारांत त्या ढिगाचं खत, चारांत नुसती माती, आणि प्रत्येकात घेवड्याच्या दोन बिया. चिठ्ठ्या चिकटवल्या, तारीख टाकली. शाळेत आयुष्यभर हेच केलं होतं.

“पंधरा दिवस थांब,” मामा म्हणाले. “खात्री होऊ दे, मग कुणाच्या कानावर घाल.”

मामी थांबल्या. पण घास गोड लागेना. भाजी आणायलाही त्या मागच्या बोळातून जाऊ लागल्या. नवव्या दिवशी कपांत जेमतेम दोनदोन पानं आली होती, आणि त्यांतून अजून काही कळत नव्हतं. त्याच सकाळी कुंपणापलीकडून शिवणकाम करणाऱ्या शेजारणीने हाक मारली.

“मामी, माझे टोमॅटो पार मुरगळलेत हो! मीच मेली पाणी जास्त घातलं वाटतं. आज किडीचं औषध मारून बघते.”

“नको!” मामी एवढ्या जोरात ओरडल्या की शेजारणीच्या हातातली बादली कलंडली. आता गप्प बसलं तर अकरा घरं नाही नाही ती औषधं मारणार आणि फुलांवरच्या मधमाश्या फुकट मरणार. “तुझं काही चुकलेलं नाही. दोष माझ्या खताचा आहे. अजून पक्कं नाही, पण मला तसंच वाटतंय.”

शेजारीण पदराने कपाळ पुसत म्हणाली, “अगं बाई! आणि मी आठ दिवस स्वतःला बोल लावतेय!”

तेवढ्या धिटाईवर मामी उरलेल्या दहा घरांत गेल्या. प्रत्येक दाराशी तेच वाक्य, तीच माफी, आणि सूचना दोनच: औषध मारू नका आणि फळ धरलंच तर खाऊ नका. कुणी चहा पुढे केला, कुणी नुसतंच ‘बरं’ म्हणालं. शेवटच्या घरातल्या दंतवैद्य बाईंनी मुलीला सोबत घेऊन गच्चीवर वीस कुंड्या लावल्या होत्या.

“तुम्ही प्रयोगशाळेत होतात ना?” त्या दारातूनच म्हणाल्या. “मग वाटण्याआधी तपासायचं तरी होतं. डोळे झाकून विश्वास ठेवला आम्ही.”

मामींनी मान डोलावली. कारण बाईंचं म्हणणं खरं होतं.

आठवड्याने कपांनी निकाल दिला. नुसत्या मातीतली रोपं तरतरीत, खतातली चारही कपांतली पिळवटलेली. रविवारी दीर ढकलगाडी घेऊन आले, मान खाली घालून. “वहिनी, मला खरंच माहीत नव्हतं.”

“मलाही विचारायचं सुचलं नाही, भाऊजी. चला, उकरायला लागू.”

दोन रविवार दोघं घरोघरचे वाफे आणि कुंड्या उकरत होती. ती माती दिरांनी मैदानाच्या गवतावर नेऊन पसरली. दंतवैद्य बाईंच्या वीस कुंड्या मामींनी स्वतः रिकाम्या केल्या. बाई वर आल्या नाहीत. त्यांची मुलगी मात्र शेवटपर्यंत कठड्याशी उभी राहून गांडुळं वेगळी काढत होती.

पुढच्या वर्षी खतासाठी सहाच घरांनी नाव दिलं. मामींना तीही खूप वाटली. दंतवैद्य बाई रस्त्यात भेटल्या की मान हलवतात, बोलत नाहीत. मामी तरीही दर वेळी आधी हसतात.